खातं तुमचं, किल्ली कुणाकडं? पासवर्ड घट्ट करायची सविस्तर पद्धत

चैत्रात जोतिबाच्या यात्रेत आमच्या एका अशिलाचा मोबाइल गेला. भवानी मंडपाजवळ त्यांचं चपलांचं दुकान, वय साठीच्या पुढं. गुलालात, सासनकाठ्यांच्या गर्दीत फोन खिशातून कधी सटकला ते त्यांना कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच नंबरचं सिम पुन्हा काढलं, नवा फोन घेतला आणि तिसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या आमच्या कर सल्ल्याच्या ऑफिसात येऊन बसले. जीएसटीची नोटीस ईमेलवर आली होती आणि ईमेल उघडत नव्हता. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की गुगल म्हणायचं, ४७ ने संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवतो. काकांचा नंबर ४७ ने संपत नाही. घरातल्या कुणाचाच संपत नाही.

“मॅडम, पयला फोन घेतला तवा दुकानातल्या पोरानंच सगळं करून दिल्तं,” काका म्हणाले. “मला न्हाई त्यातलं काय ठावं.”

तो ४७ वाला नंबर त्या पोराचा होता. खातं उघडताना त्यानं घाईत स्वतःचाच नंबर टाकला होता. आता तो ते दुकान सोडून गेलेला. त्याला शोधायला नऊ दिवस लागले. पोरगा भला निघाला, फोनवर कोड सांगून मोकळा झाला. पण काकांच्या नातवंडांचे फोटो, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, बँकेची स्टेटमेंटं हे सगळं नऊ दिवस एका अनोळखी पोराच्या भलेपणावर टांगलेलं होतं.

पासवर्डबद्दल सांगताना बहुतेक जण ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ इथून सुरुवात करतात. मी त्याच्या अलीकडून सुरू करते. कुलूप कितीही भारी बसवलं तरी दुसरी किल्ली कुणाच्या खिशात आहे हे आधी बघायला हवं. आपल्याकडं अर्ध्याअधिक लोकांची खाती दुसऱ्या कुणीतरी उघडून दिलेली असतात: मोबाइलच्या दुकानात, सेवा केंद्रात, पुतण्यानं, कॉलेजात शिकणाऱ्या भाचीनं. आमच्यासारख्या ऑफिसांनीही हे केलेलं आहे, हे मी मान्य करते.

पायरी पहिली: खातं खरंच तुमचं आहे का ते तपासा

फोन हातात घ्या आणि सेटिंगमध्ये गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा. तिथं चार गोष्टी बघायच्या आहेत, आणि घाई करायची नाही.

रिकव्हरी फोन, म्हणजे पासवर्ड विसरला तर ज्यावर कोड येतो तो नंबर, कुठला आहे? तो तुमच्या आज चालू असलेल्या नंबराशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. रिकव्हरी ईमेल कुठला आहे? बऱ्याचदा तिथं कुणाचा तरी जुना, बंद पडलेला पत्ता असतो. तो काढा आणि नवरा, बायको, मुलगी यांच्यापैकी ज्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे त्यांचा घाला. तिसरं, तुमच्या खात्यानं आत्ता कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगइन आहे त्याची यादी. दोन वर्षांपूर्वी विकलेला फोन किंवा झेरॉक्सच्या दुकानातला संगणक तिथं दिसला तर साइन आउट करा. चौथी गोष्ट फार कमी लोक बघतात. संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ बघा. तिथं कुणी स्वतःचा पत्ता टाकून ठेवला असेल तर तुम्ही पासवर्ड बदलूनही तुमची पत्रं त्याच्याकडं जातच राहतात.

एक बारकावा आहे. रिकव्हरी नंबर बदलल्यानंतर गुगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवरही कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. म्हणून हे काम आज करा, अडचण यायची वाट बघू नका.

धंदेवाल्यांसाठी जीएसटीचं पोर्टल हाच प्रकार आहे. नोंदणी करताना सल्लागाराचा मोबाइल आणि ईमेल टाकलेला असेल तर प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं जातो. तुमचं लॉगइन चालू असेल तर नोंदणीतल्या किरकोळ दुरुस्तीच्या अर्जातून अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा नंबर आणि ईमेल बदलता येतो. लॉगइनच हातात नसेल तर तुमच्या कार्यक्षेत्रातल्या जीएसटी अधिकाऱ्याकडं कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो. सल्लागाराला काम करू द्या, पासवर्डही गरजेपुरता द्या, पण ओटीपी तुमच्या फोनवर यायला हवा. चांगला सल्लागार याचा राग धरणार नाही.

पायरी दुसरी: ईमेल आधी, बाकी सगळं नंतर

लोक बँकेच्या पासवर्डला जपतात आणि ईमेलला ‘नाव आणि १२३’ ठेवतात. पण फेसबुक, खरेदीची ॲपं, विमा, शेअर बाजाराचं खातं यांपैकी बहुतेक ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक ईमेलवरच येते. ज्याच्या हातात ईमेल आला तो बाकीची दारं एकेक करून उघडू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा: ईमेल, मग बँक आणि पैशाची खाती, मग व्हॉट्सॲप आणि फेसबुक, मग सरकारी पोर्टलं. सिनेमाच्या तिकिटांची ॲपं सगळ्यात शेवटी. एका दिवसात सगळं उरकायचा प्रयत्न करू नका. कंटाळा येतो, आणि कंटाळ्यात माणूस परत जुनाच पासवर्ड टाकतो.

पायरी तिसरी: पासवर्ड तयार करणं

ऑफिसात अशिलांचे पासवर्ड बघून बघून मला आता पाठ झालंय. देवाचं नाव आणि १२३. गाडीचा नंबर, एमएच ०९ सकट. मुलाचं नाव आणि जन्मसाल. अंबाबाई, जोतिबा, चांगभलं, रंकाळा. आपण जीव लावतो त्याच गोष्टी लिहितो, हे समजण्यासारखं आहे. पण या सगळ्या गोष्टी गाडीच्या मागं, दुकानाच्या पाटीवर, वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर, फेसबुकवर उघड लिहिलेल्या असतात.

थोडा हिशेब करू. ऐंशी वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा धरल्या तरी त्या साधारण २९,२२० होतात. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा वाटतो. पण एखाद्या कंपनीची पासवर्डची साठवण चोरीला गेली आणि ती जुन्या, कमकुवत पद्धतीनं केलेली असेल, तर संगणकातलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजारो कोटी अंदाज तपासून बघतं. मोबाइल नंबर हा पासवर्ड तिथं एक सेकंदही टिकत नाही. इंग्रजीतली आठ लहान अक्षरं, कशीही लावा, जवळपास २०,९०० कोटी जुळण्या देतात. त्याही काही सेकंदांच्याच.

‘ए’ च्या जागी ‘ॲट द रेट’चं चिन्ह आणि ‘ओ’ च्या जागी शून्य, या युक्त्या आता फुकट आहेत. पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या आधीच शिकवलेल्या असतात. पासवर्डला ताकद येते ती लांबीनं, आणि आपल्या मनानं न निवडल्यानं.

काकांबरोबर आम्ही जे केलं ते तुम्हीही करा. टेबलावर दिवाळी अंक पडला होता. काकांनी डोळे मिटून पान उघडलं, बोट ठेवलं. बोटाखाली ‘पावती’. पुन्हा पान, पुन्हा बोट. ‘बेडूक’. मग ‘सतार’. चौथ्या वेळी बोट ‘आणि’वर आलं, ते सोडलं, पुढचा शब्द ‘हंडा’ घेतला. पाचवा ‘टेकडी’. पावती, बेडूक, सतार, हंडा, टेकडी. काका हसायला लागले आणि दोन मिनिटांत त्यांनी गोष्टही जुळवली: बेडकानं सतार घेतली, पावती हंड्यात टाकली आणि टेकडीवर गेला. आता ते विसरणार नाहीत. (हे पाच शब्द अर्थातच आम्ही सरावासाठी काढले. खरे शब्द त्यांनी घरी जाऊन काढले, मलाही न सांगता. तुम्हीही हे पाच वापरू नका.)

दिवाळी अंकात वापरण्याजोगे वेगवेगळे शब्द दोन हजारच धरले तरी चार शब्दांच्या जुळण्या होतात १६ लाख कोटी. पाचव्या शब्दानं त्याच्या दोन हजार पट. पण अट एकच, शब्द बोटानं निवडायचे, मनानं नाही. मनाला विचारलं तर कोल्हापूरच्या माणसाचं मन ‘तांबडा पांढरा मटण भाकरी’च देणार.

शब्द मराठी, पण टाइप करायचे इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी प्रत्येक ठिकाणी चालत नाही. इथं एक चूक हमखास होते. ‘पावती’मध्ये ‘ए’ एक की दोन? ‘टेकडी’च्या शेवटी ‘आय’ की ‘डबल ई’? पहिल्या दिवशी जे स्पेलिंग टाकलं तेच कायम ठेवायचं, आणि कागदावर लिहाल तेव्हा इंग्रजी अक्षरांतच लिहायचं. शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ घाला. मोठं अक्षर आणि आकडा हवाच म्हणणाऱ्या साइटसाठी पहिलं अक्षर मोठं करा आणि मध्येच कुठंतरी एक आकडा टाका.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, असं अजून बऱ्याच ऑफिसांत सांगतात. त्यामागं अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेली मार्गदर्शिका आहे. २०१७ मध्ये निवृत्त बर यांनी स्वतःच त्या सल्ल्याबद्दल खंत बोलून दाखवली, आणि त्याच वर्षी एनआयएसटीनंही कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नये असं नव्या सूचनांमध्ये सांगितलं. कारण साधं आहे. सक्ती झाली की माणूस शेवटचा १ काढून २ करतो. पासवर्ड कधी बदलायचा? तो फुटल्याचा संशय आला, कुणाला सांगितला गेला, किंवा नोकरीवरचा माणूस सोडून गेला, की लगेच. एरवी राहू द्या.

पायरी चौथी: प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि ठेवायचा कुठं

माझ्या मते सगळ्यात मोठा धोका इथं आहे. तुमचा पासवर्ड कुणी अंदाजानं ओळखण्यापेक्षा कुठल्या तरी तिसऱ्याच साइटवरून फुटण्याची शक्यता जास्त असते. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते कुठलंही कूटलेखन न करता साधे लिहून ठेवलेले होते. त्यात सगळ्यात जास्त वापरलेला पासवर्ड होता १२३४५६. अशा याद्या हातात आल्या की चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड दुसऱ्या शेकडो साइटवर यंत्रानं लावून बघतात. गेमच्या ॲपला आणि ईमेलला एकच पासवर्ड असेल तर गेमचं ॲप फुटलं की ईमेल गेला.

तुमचा ईमेल अशा एखाद्या यादीत आला आहे का हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर बघता येतं. ऑस्ट्रेलियातले ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथं फक्त ईमेल पत्ता टाकायचा.

आता पन्नास खात्यांचे पन्नास पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे? ठेवायचेच नाहीत. जे फोनवर सराईत आहेत त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा. बिटवॉर्डनचं मोफत खातं घरच्या वापराला पुरतं. अँड्रॉइडमध्ये गुगलचा आणि आयफोनमध्ये ॲपलचा मॅनेजर आधीपासून असतोच. तो प्रत्येक साइटसाठी लांबलचक, अर्थहीन पासवर्ड स्वतः तयार करतो आणि स्वतः भरतो. त्याचा आणखी एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. बँकेसारखी दिसणारी खोटी साइट उघडली तर मॅनेजर पासवर्ड भरत नाही, कारण पत्ता जुळत नाही. तो गप्प बसला तर तुम्हीही थांबा आणि पत्ता नीट वाचा. मॅनेजरचा मुख्य पासवर्ड मात्र वरच्या पाच शब्दांच्या पद्धतीनं करा आणि दुसरीकडं कुठंही वापरू नका.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी वही ठेवावी. वहीला नावं ठेवणारे खूप आहेत, मी त्यांच्यातली नाही. दुसऱ्या देशात बसलेला चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. धोका आहे तो वही दुकानाच्या गल्ल्यात ठेवण्यात, पासवर्डची चिठ्ठी फोनच्या कव्हरात सरकवण्यात, किंवा वहीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्यात. वही घरी, कपाटात, कुलपात. महत्त्वाच्या पासवर्डांना डोक्यातला एक शब्द शेवटी जोडा आणि तो शब्द वहीत लिहू नका. वही चोरीला गेली तरी त्या पासवर्डांना शेपूट नसतं.

कोल्हापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना ती सांगायची गरज नाही. कागद भिजतो, शाई फुटते, आणि नेमकं त्याच दिवसांत बँक आणि विम्याची खाती उघडावी लागतात. वही प्लॅस्टिकच्या बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवा. दुसरी प्रत उंचावरच्या वस्तीत राहणाऱ्या बहिणीकडं, मुलीकडं बंद पाकिटात द्या. तिच्यातही शेपटाचा शब्द नको.

पायरी पाचवी: दुसरं कुलूप

पासवर्ड कळला तरी आत येता येऊ नये म्हणून दुसरी पडताळणी चालू करा. गुगल खात्यात सुरक्षा विभागात ती सापडते. एसएमएसवरचा ओटीपी नसण्यापेक्षा बराच बरा. त्याहून चांगलं म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप. ते दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी कोड दाखवतं आणि त्याला रेंजही लागत नाही. अलीकडं पासकी हा पर्यायही येतो, त्यात टाइप करायला पासवर्डच नसतो, फोनचं कुलूप बोटानं उघडलं की झालं. दिसला तर घ्या.

हे करताना गुगल दहा बॅकअप कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. बहुतेक जण तो पडदा बघतात आणि पुढं जातात. तसं करू नका. ते दहाही कोड त्याच वेळी वहीत उतरवा. यात्रेत फोन गेला त्या दिवशी काकांच्या घरी पासवर्ड आणि असे कोड लिहिलेला एक कागद असता तर नऊ दिवस गेले नसते.

व्हॉट्सॲपला सेटिंगमध्ये ‘दोन टप्प्यांची पडताळणी’ आहे. सहा आकडी पिन ठरवा आणि सोबत ईमेल जोडा. ‘चुकून तुझ्या नंबरवर माझा कोड आलाय, पाठव जरा’ असा निरोप सख्ख्या भावाच्या नंबरवरून आला तरी कोड पाठवू नका. आधी त्याला साधा फोन करा. बहुधा भावाचं खातं आधीच गेलेलं असतं.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवा, पिन लागतो तो पैसे पाठवायला, घ्यायला कधीच नाही. आणि हा पिन फोनच्या कुलपाच्या पिनपेक्षा वेगळा हवा.

पायरी सहावी: मोबाइल नंबरची राखण

सगळे ओटीपी नंबरवर येत असतील तर नंबर हीच किल्ली आहे. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथंच कळवा. अचानक तासन्‌तास रेंज गेली आणि शेजारच्याच्या फोनला त्याच कंपनीची रेंज आहे, असं झालं तर लगेच कंपनीला फोन करा. कुणीतरी तुमच्या नावानं दुसरं सिम काढलेलं असू शकतं.

जुना नंबर सोडायचा असेल तर आधी बँक, ईमेल, आधार, पॅन सगळीकडं नवा नोंदवा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजतात.

झेरॉक्सच्या दुकानात एक मिनिट

आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे: नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मसाल. आयकराच्या वार्षिक माहितीपत्राचा म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. पॅन कार्डवर दोन्ही छापलेलंच असतं. तेव्हा ही कुलपं नुसती अडकवलेली आहेत असं समजा. प्रिंट काढल्यावर दुकानातल्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही फाइल समोर उभं राहून पुसायला लावा. व्हॉट्सॲप वेबवरून पाठवली असेल तर फोनमधल्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’ यादीत जाऊन तो संगणक काढून टाका.

तरीही पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० ला. ही देशभरची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता यायची शक्यता जास्त. लगेच दुसरा फोन बँकेला, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात प्रत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा व्यवहाराची माहिती बँकेनं कळवल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला दिलीत तर तुमच्यावर बोजा येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा येतो. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान मात्र तुमचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस घरात बसू नका. आमच्याकडं येणाऱ्यांत शिकलेली, धंद्यात मुरलेली माणसंही असतात, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यांचाच लाजण्यात जातो.

दरम्यान दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा, फॉरवर्डिंग पुन्हा तपासा. त्यानंतर बाकीची खाती, दुसऱ्या पायरीतल्या क्रमानं. तक्रारीचा पोचक्रमांक, बँकेत ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि वेळ त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. बँकेत पुढच्या प्रत्येक खेपेला आधी तो क्रमांकच विचारतात.